चावी कोणाच्या नावावर आहे? कारखान्यात इलेक्ट्रॉनिक चावी-कपाट बसवताना

इलेक्ट्रॉनिक चावी-कपाट, म्हणजे कार्ड दाखवल्यावर चावी देणारं आणि ती कोणी घेतली ते नोंदवणारं कपाट, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी कोटेशन मागवतात. मी म्हणेन, आधी सिक्युरिटी केबिनमधलं चावी-रजिस्टर मागवा आणि मागची काही पानं नीट वाचा. 'नाव' या रकान्यात काय लिहिलंय बघा. 'मेंटेनन्स', 'बी शिफ्ट', 'कॉन्ट्रॅक्टरचा माणूस', 'साहेब'. परतीच्या रकान्यात सलग ओळींवर एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात 'सकाळी ७' लिहिलेलं असतं. म्हणजे शिफ्ट सुटताना कुणीतरी बसून ते भरून टाकलेलं असतं. अशा रजिस्टरातून हरवलेल्या चावीचा माग लागत नाही, कारण नोंदीप्रमाणे ती कुणा माणसाकडे गेलेलीच नसते, विभागाकडे गेलेली असते.

एका चावीसमोर एका वेळी एकाच माणसाचं खरं नाव राहिलं पाहिजे. कपाट, कार्ड, सॉफ्टवेअर हा सगळा खटाटोप त्या एका नावासाठी आहे. ते नाव जिथे जिथे निसटतं त्या जागा आधी बुजवल्या नाहीत, तर महागातलं कपाटही महिन्याभरात जुन्या रजिस्टरासारखं चालू लागतं.

मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग मशिनिंग करणाऱ्या एका कंपनीत स्टोअर्स आणि टूल क्रिब (हत्यारं ठेवायची-द्यायची खोली) सांभाळते. तीन शिफ्ट, कायम कामगार, ट्रेनी, कॉन्ट्रॅक्टची माणसं, बाहेरून येणारे सर्व्हिस इंजिनिअर अशी वर्दळ असते. त्यामुळे उदाहरणं कारखान्याची येतील. पण कॉलेजची लॅब, हॉस्पिटल किंवा मोठी सोसायटी असली तरी क्रम हाच ठेवावा.

आधी चाव्यांची यादी, मग कपाट

इलेक्ट्रिशियन आणि सिक्युरिटी सुपरवायझर यांना सोबत घेऊन सगळा प्लांट पायी फिरा. प्रत्येक कुलपासमोर उभं राहून चार गोष्टी लिहा: याच्या चाव्या किती आणि कुठे आहेत, कोणाला कधी लागतात, ही चावी हरवली तर काय बिघडेल, आणि हीच चावी दुसऱ्या कुठल्या कुलपाला लागते का. शेवटचा प्रश्न सोडू नका. एकाच कंपनीच्या फोर्कलिफ्ट पुष्कळदा एकाच चावीने सुरू होतात. इलेक्ट्रिकल पॅनलची त्रिकोणी किंवा डबल-बिट चावी तर प्रत्येक वायरमनच्या खिशात असते. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर प्रोग्रॅम एडिटसाठी जी चावी फिरवतात, तीही बऱ्याचदा शेजारच्या मशीनला चालते. अशा चाव्या कपाटात ठेवून जागा अडते, ताबा मिळत नाही. फोर्कलिफ्टला कार्ड किंवा पिन लागणारं इग्निशन बसवा. पॅनल खरोखर महत्त्वाचं असेल तर त्याला वेगळं कुलूप लावा.

या फेरीत डुप्लिकेट चाव्या निघतातच. ड्रॉवरमध्ये, टूलबॉक्समध्ये, एखाद्या जुन्या फिटरच्या घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. त्या गोळा करा, पण सगळ्या आल्या असं धरून चालू नका. कोपऱ्यावरचा चावीवाला साधी चावी दहा मिनिटांत बनवून देतो, तेव्हा बाहेर किती आहेत हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून टूल क्रिब, भंगार यार्ड, डिझेल साठा, तयार मालाचं गोडाऊन, सर्व्हर रूम अशा ठिकाणची कुलपं किंवा त्यांचे सिलिंडर (कुलपातला चावी जाते तो भाग) कपाट सुरू व्हायच्या दिवशीच बदला. नवी चावी अशा प्रकारची घ्या की तिची कोरी, न कापलेली चावी बाजारात सहज मिळत नाही आणि कंपनीचं कार्ड दाखवल्याशिवाय जास्तीची चावी बनत नाही. खर्च वाढतो म्हणून हे पुढे ढकलायचं असेल, तर कपाटही पुढे ढकला.

आता दोन प्रकारच्या चाव्यांबद्दल स्पष्ट सांगते. त्या या कपाटात येताच कामा नयेत.

पहिला प्रकार, लॉकआऊट-टॅगआऊटच्या ('लोटो'च्या) चाव्या. मशीन बंद करून फिटर आत हात घालतो तेव्हा मेन स्विचवर तो स्वतःचं कुलूप लावतो. त्या कुलपाची चावी त्याच्याच खिशात राहते आणि काम संपल्यावर तोच ते काढतो. एक माणूस, एक कुलूप, एक चावी. ही चावी सामाईक झाली की कुणाचा तरी हात, कुणाचा तरी जीव दुसऱ्याच्या घाईवर टांगला जातो. कपाट विकणारे 'लोटोच्या चाव्याही यातच ठेवा' असं सुचवतात. कोरी कुलपं कामगाराला देण्यासाठी ठेवायची असतील तर चालेल, पण मशीनवर लागलेल्या कुलपाची चावी 'अधिकार आहे' म्हणून दुसऱ्याच्या कार्डावर निघता कामा नये. पाच-सहा जण एकत्र काम करत असतील तर ग्रुप लॉक बॉक्स वापरा. मशीनच्या कुलपांच्या चाव्या त्या पेटीत टाकायच्या आणि पेटीवर प्रत्येकाने आपलं कुलूप लावायचं. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढेपर्यंत ती पेटी उघडत नाही. ही साधी लोखंडी पेटीच असू द्या, तिला वायर नको.

दुसरा प्रकार आगीशी संबंधित. फायर पंप रूम, हायड्रंटच्या पेट्या, गॅस बँकेचा गेट. आगीच्या वेळी कार्ड शोधायला कुणी थांबणार नाही, आणि तेव्हा वीजही नसेल. या चाव्या दाराजवळच काच फोडून घ्यायच्या लाल डबीत ठेवा. काच शाबूत आहे का, ते गार्ड प्रत्येक फेरीत बघेल. बाहेर पडण्याच्या दारांना आतून चावी लागतच असेल तर तो प्रश्न कपाटाने सुटणारा नाही. ते दार आतून चावीशिवाय उघडायलाच हवं.

कपाट निवडताना

आतली रचना साधी असते. प्रत्येक चावी किंवा जुडगा एका खुंटीला जोडलेला असतो. खुंटीत आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळखली जाणारी) चिप असते आणि कपाटात तिच्यासाठी खाच असते. तुम्ही कार्ड दाखवता, स्क्रीनवर तुम्हाला परवानगी असलेल्या चाव्या दिसतात, तुम्ही एक निवडता आणि तेवढीच खुंटी सुटते.

'तेवढीच' हा शब्द डेमोच्या वेळी तपासा. स्वस्तातल्या काही कपाटांत दार उघडलं की सगळ्याच चाव्या मोकळ्या असतात आणि यंत्र फक्त कुठली गेली ते टिपतं. चार भरवशाच्या माणसांच्या ऑफिसात ते चालेल. तीन शिफ्टच्या कारखान्यात प्रत्येक खाच स्वतंत्र लॉक होणारीच हवी. चावी आणि खुंटी जोडणारी कडी स्टीलची, कापल्याशिवाय न निघणारी असावी. साध्या रिंगमधून चावी काढून घेऊन नुसती खुंटी परत लावली, तर कपाट आनंदाने 'जमा' दाखवेल. कपाट चिप ओळखतं, चावी ओळखत नाही.

काही कपाटांत खुंटी कुठल्याही खाचेत परत लावता येते, काहींत ठरलेल्या जागीच. पहिला प्रकार परत करायला जलद, पण मला दुसरा आवडतो. दार उघडताच रिकामी जागा डोळ्यांना दिसते आणि यंत्र बंद पडलं तरी मोजणी करता येते. आजच्या गरजेपेक्षा चौथा हिस्सा खाचा जास्त घ्या, यादी वाढतेच. सोबत मेकॅनिकल ओव्हरराइड चावी येते, तिने कपाट विजेशिवाय उघडतं. ती सीलबंद पाकिटात, सही-तारखेनिशी, प्लांट हेडच्या तिजोरीत ठेवा. ती सिक्युरिटी केबिनच्या खिळ्यावर लटकत असेल तर सगळी व्यवस्था त्या खिळ्यावरच लटकते आहे.

जुडगे बनवताना एक नियम पाळा: एकाच कामाला एकाच वेळी लागणाऱ्या चाव्याच एकत्र. कॉम्प्रेसर रूम आणि कूलिंग टॉवर एका जुडग्यात ठीक आहे. त्यातच भंगार यार्डाची चावी आली, तर पाण्याचा पंप बघायला निघालेल्या ऑपरेटरच्या नावावर भंगाराचीही जबाबदारी पडते. हा त्याच्यावर अन्याय आहे.

जागा ठरवताना चावी घेणाऱ्याचा नाही, परत करणाऱ्याचा विचार करा. चावी घ्यायला माणूस कुठेही जातो, काम अडलेलं असतं. परत करायला मात्र त्याला वाट वाकडी करायची नसते, बस पकडायची असते. म्हणून कपाट पंचिंग मशीनच्या अलीकडे, बाहेर जायच्या वाटेवर हवं. त्याच्यावर कॅमेरा असू द्या. कूलंटची वाफ आणि ग्राइंडिंगची धूळ लागणार नाही असा कोपरा बघा, आणि भिंत पावसाळ्यात ओल धरत नाही ना, ते आधी विचारा.

कार्ड, बोट की चेहरा

हजेरीचं जे कार्ड आधीच गळ्यात आहे तेच वापरू, असं सगळ्यांना वाटतं. त्याआधी ते कार्ड कुठलं आहे ते विचारा. आपल्याकडे जुनी पुष्कळ कार्डं १२५ किलोहर्ट्झची आहेत. त्यांच्यात फक्त एक नंबर असतो आणि रीडर जवळ आला की कार्ड तो उघडपणे सांगून टाकतं. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यंत्राने त्याची नक्कल क्षणात होते. १३.५६ मेगाहर्ट्झचं कार्ड असलं तरी निर्धास्त होऊ नका. त्यातल्या 'मायफेअर क्लासिक'ची सुरक्षा नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ सालीच मोडून दाखवली होती. नवीन घ्यायचं असेल तर एईएस एन्क्रिप्शन असलेलं कार्ड, उदाहरणार्थ 'डेसफायर' जातीचं, मागा. रीडर ते कंट्रोलरची वायर कुठल्या पद्धतीने बोलते तेही विचारा. जुन्या 'विगँड' वायरीवरून नंबर उघडाच जातो, 'ओएसडीपी'च्या सिक्युअर चॅनेलवरून एन्क्रिप्ट होऊन जातो. विक्रेता या प्रश्नावर गोंधळला तर विक्रेता बदला.

सगळी कार्डं लगेच बदलणं परवडत नसेल तर कार्डासोबत पिन ठेवा. नक्कल केलेलं किंवा मित्राकडून घेतलेलं कार्ड पिनशिवाय चालत नाही. आणि पिन १२३४ किंवा जन्मसाल नको, हे पहिल्याच दिवशी प्रत्येकाला समोर बसवून सांगा.

बोटाच्या ठशाबद्दल माझं मत आमच्या शॉपफ्लोअरमुळे बनलं आहे. ग्राइंडिंग आणि डीबरिंगवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, हाताला तेल असतं, पावसाळ्यात त्वचा सुरकुतलेली असते. मशीन चार वेळा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणालं की तो शेजाऱ्याला म्हणतो, "तू काढ रे चावी." नाव तिथेच निसटलं. आणि मेहनतीने झिजलेल्या हातांना यंत्राने रोज नाकारावं हे मला बघवत नाही. चेहरा ओळखणारं यंत्र चालतं, पण उजेड नीट हवा. बोट असो की चेहरा, ही माणसाच्या शरीराची माहिती आहे आणि पासवर्डसारखी ती बदलता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे. तो बाजूला ठेवला तरी काय साठवतो, कुठे, किती काळ, आणि नोकरी सोडल्यावर ते कधी पुसलं जाईल, हे कामगाराला त्याच्या भाषेत लेखी मिळायला हवं. चाव्यांच्या कामाला कार्ड आणि पिन पुरत असेल तर शरीराची माहिती घेऊच नका.

परवानग्या

परवानगी माणसाला देऊ नका, कामाला द्या. 'युटिलिटी ऑपरेटर', 'इलेक्ट्रिशियन', 'शिफ्ट इन्चार्ज', 'स्टोअर्स' असे गट करा आणि माणूस गटात घाला. माणसाचं काम बदललं की गट बदलतो आणि जुन्या चाव्यांची परवानगी आपोआप जाते. एकेकाला वेगवेगळ्या चाव्या देत गेलात की वर्षभरात कोणाला काय आणि का दिलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

कॉम्प्रेसर रूमची चावी युटिलिटी आणि इलेक्ट्रिशियन या दोन्ही गटांना चोवीस तास असावी, रात्री दोन वाजता हवेचा दाब पडला तर परवानगीसाठी कुणाला उठवायला लागू नये. टूल क्रिबची चावी शिफ्टच्या वेळेपुरती. भंगार यार्डाची चावी मात्र दोन कार्डं दाखवल्याशिवाय निघू नये, एक सिक्युरिटीचं, एक स्टोअर्सचं. कारखान्यातली चोरी बहुधा तयार मालात होत नाही. ती भंगाराच्या गाडीत चांगला माल मिसळून होते, आणि त्याला एकच माणूस पुरतो. दोघांची अट घातली की मोह आणि संशय दोन्ही कमी होतात.

'सर्व चाव्या' असा गट बनवू नका. मालकांसाठीही नाही. साहेबांना चावी लागत नसते, दार उघडून हवं असतं, आणि ते ज्याच्या कामाचं आहे त्याने उघडून द्यावं. हे सांगायला धीर लागतो. आमच्याकडे मी ते लेखी प्रस्तावात पहिल्या पानावर घातलं होतं आणि डायरेक्टर साहेबांनी सही केली. त्यांच्याच कार्डावर एकही चावी निघत नाही हे कळल्यावर शॉपफ्लोअरवर कुणी वाद घातला नाही.

बाहेरच्या सर्व्हिस इंजिनिअरला कार्ड देऊ नका. चावी त्याला सोबत करणाऱ्या आपल्या माणसाच्या नावावर निघेल, आणि तो माणूस काम संपेपर्यंत तिथे थांबेल.

परतीची वेळ आणि शिफ्टची अदलाबदल

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या चाव्यांना बहुधा एकच मुदत आधीच घातलेली असते. ती तशीच ठेवू नका. सर्व्हर रूमला अर्धा तास, गोडाऊनला पूर्ण शिफ्ट, कॅन्टीनच्या स्टोअरला दोन तास, अशी कामाप्रमाणे मुदत द्या. उशीर झाला की सूचना कोणाला जाते हे त्याहून महत्त्वाचं. दहा जणांना एकाच वेळी मेसेज गेला तर दहाही जण समजतात की दुसरा बघेल. पहिला मेसेज ज्याच्याकडे चावी आहे त्याला, पंधरा मिनिटांनी त्याच्या सुपरवायझरला, आणि शिफ्ट संपताना गेटवर.

गेटवरच्या सूचनेत सगळा फायदा साठलेला आहे. चाव्या चोरीला क्वचित जातात. त्या खिशातून घरी जातात, आणि सकाळी तो माणूस गावी गेलेला असतो. चावी-कपाट हजेरीच्या यंत्राशी जोडून घ्या. नावावर चावी असलेल्या माणसाने जाताना पंच केलं की लाल दिवा आणि बझर. गार्डकाका फक्त विचारतात, "चावी राहिली का?" तो कपाळावर हात मारतो आणि मागे फिरतो. यात अपमान नाही, पोलिसी खाक्या नाही. टर्नस्टाइल (गेटवरचा फिरता अडसर) जाम करून माणसाला अडवू मात्र नका. गर्दीत, घाईत, आगीच्या वेळी अडलेला गेट जीवावर बेततो.

शिफ्ट बदलताना पहिल्या शिफ्टचा माणूस दुसऱ्याच्या हातात चावी ठेवतो आणि निघतो. कपाटात ती पहिल्याच्याच नावावर राहते. रात्री काही झालं की जबाब पहिल्याला विचारला जातो. 'चावी हातोहात द्यायची नाही' असा फलक लावून हे थांबत नाही, कारण साडेतीनला कपाटासमोर रांग लागलेली असते. रांग कमी करा. काही कपाटांत हस्तांतराची सोय असते. दोघांनी कपाटासमोर येऊन आपापलं कार्ड दाखवायचं, खुंटी क्षणभर लावायची, नाव बदलतं. नसेल तर चाव्यांची जास्त ये-जा असलेल्या विभागाला वेगळं छोटं कपाट द्या, किंवा शिफ्टच्या वेळा दहा मिनिटांनी मागेपुढे करा. नियम पाळायला दोन मिनिटं लागत असतील तर लोक पाळतात, बारा लागत असतील तर नाही.

हत्यारं आणि उपकरणं

टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा पाना), मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), क्लॅम्प मीटर, थर्मल कॅमेरा, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) लॅपटॉप, बारकोड स्कॅनर. यांच्यासाठी कप्प्यांचं लॉकर येतं, प्रत्येक कप्प्याला वेगळं दार. चार्जिंग लागणाऱ्या वस्तूंसाठी कप्प्यातच सॉकेट घ्या, नाहीतर रात्री स्कॅनर कपाटात आहे पण बॅटरी मेलेली, आणि उद्यापासून तो कपाटात न ठेवता टेबलावरच्या चार्जरला लागतो.

वस्तूवर चिकटवायचा आरएफआयडी टॅग धातूवर चालणारा आहे का ते बघून घ्या. साधा टॅग लोखंडावर लावला की वाचला जात नाही, आणि आपली निम्मी हत्यारं लोखंडाची. टॅग वस्तूच्या शरीरावर हवा, पेटीवर नको. पेटीवर असला की मेगरची रिकामी पेटीही 'जमा' होते. सुटे भाग, म्हणजे मेगरच्या वायरी, कॅमेऱ्याचं झाकण, यांच्यासाठी पेटीत फोम कापून त्या त्या आकाराचे खड्डे करा. काय नाही ते दिसतं.

परत करताना स्क्रीनवर एकच प्रश्न असू द्या: ठीक आहे की बिघाड? 'बिघाड' दाबलं की तो कप्पा पुढच्या माणसासाठी बंद आणि मला मेसेज. यासाठी कुणाला दंड नाही, हे आम्ही सुरुवातीलाच जाहीर केलं. दंड असता तर पडलेला मायक्रोमीटर मुकाट्याने जागेवर ठेवला गेला असता आणि त्याच मायक्रोमीटरने पुढच्या शिफ्टने हजारभर पार्ट पास केले असते.

लॉकरचा खरा उपयोग कॅलिब्रेशनला, म्हणजे उपकरण अचूक आहे का ते ठरावीक काळाने तपासून घ्यायला होतो. प्रत्येक उपकरणाची मुदत सॉफ्टवेअरमध्ये भरा आणि मुदत संपली की कप्पा उघडणारच नाही असं करा. ऑडिटच्या वेळी हे एक दाखवलं तरी पुरतं. टॉर्क रेंचचं तर आणखी आहे. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे, वेगळी मुदत ठरवलेली नसेल, तर १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, जे आधी होईल तेव्हा रेंच कॅलिब्रेशनला जायला हवा. वापर मोजणार कोण? लॉकरच्या नोंदीवरून कुठला रेंच किती वेळा आणि कुठल्या लाइनवर गेला ते कळतं, आणि त्या लाइनवर शिफ्टला किती बोल्ट आवळले जातात ते आपल्याला माहीत असतं. अंदाज बांधता येतो. जास्त जाणारा रेंच वर्षाची वाट न बघता पाठवायचा. क्लिक टाइप रेंच परत ठेवताना सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायचं असतं, नाहीतर स्प्रिंग ताणाखाली राहते. परतीच्या स्क्रीनवर ही ओळ आम्ही घालून घेतली आहे.

गुरुवार, बॅटरी आणि घड्याळ

आमच्याकडे सुट्टी गुरुवारी, आणि महावितरणची दुरुस्तीची कामंही पुष्कळदा गुरुवारीच निघतात. म्हणजे प्लांटमध्ये सगळ्यात कमी माणसं असतात तेव्हाच वीज जाते. वीज गेल्यावर काय होतं हे विक्रेत्याला विचारू नका, स्वतः मेन बंद करून बघा. दाराचं मॅग्नेटिक कुलूप वीज गेली की सुटतं, आणि बाहेर पडण्याच्या दारावर ते तसंच हवं. चावी-कपाट उलट, वीज गेली तरी बंदच राहायला हवं आणि बॅटरीवर कार्ड वाचून चावी देत राहायला हवं. आत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. कागदावर एक अँपिअरच्या लोडला ती सात तास चालते. प्रत्यक्षात कमी चालते, आणि भोसरीच्या पत्र्याखालच्या उन्हाळ्याने आणखी लवकर थकते. तीन महिन्यांतून एका गुरुवारी मेन काढून किती तास टिकते ते लिहून ठेवा. आकडा घसरायला लागला की बॅटरी बदला, मरायची वाट बघू नका.

घड्याळाकडे कुणी लक्ष देत नाही. कपाट, हजेरी आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर ही तिन्ही एकाच टाइम सर्व्हरशी जोडलेली हवीत. कपाट म्हणतं २:१०, कॅमेरा म्हणतो २:१७. त्या सात मिनिटांत तिथून दुसराच कुणी गेला असेल, तर निरपराध माणूस अडकतो. महिन्यातून एकदा तिन्ही घड्याळांसमोर मोबाइल धरून बघा.

माणसं

कपाट येणार म्हटल्यावर आमच्या मेंटेनन्सच्या पोरांनी विचारलं, "मॅडम, आता आमच्यावर पाळत का?" प्रश्न रास्त होता आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं होतं. कपाटाच्या नोंदी पगार, हजेरी, ओव्हरटाइम किंवा 'तो किती वेळ रेंगाळला' यासाठी वापरल्या जाणार नाहीत, असं मॅनेजमेंटकडून लेखी घेऊन नोटीस बोर्डावर लावलं. पूर्वी एखादी वस्तू हरवली की बोट आपोआप कॉन्ट्रॅक्टच्या मुलाकडे जायचं, कारण त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नसायचं. आता नोंद बोलते. एकदा थर्मल कॅमेरा सापडत नव्हता आणि नेहमीप्रमाणे एका ट्रेनीचं नाव घेतलं गेलं. लॉकरची नोंद काढली तर तो कॅमेरा आदल्या संध्याकाळी एका सिनिअरच्या नावावर निघालेला होता, आणि तो त्याच्याच टेबलाखाली मिळाला. त्यानंतर पाळतीचा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

सोडून गेलेल्याचं कार्ड त्याच दिवशी बंद व्हायला हवं. कायम कामगाराचं सोपं आहे, नो ड्यूजच्या फॉर्मवर 'चावी-कपाट' अशी ओळ वाढवा, त्यावर सही नसेल तर फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) होत नाही. कॉन्ट्रॅक्टचा माणूस मात्र सोमवारपासून यायचाच बंद होतो आणि कॉन्ट्रॅक्टर महिन्याने सांगतो. त्याच्या कार्डाला गेटपासचीच शेवटची तारीख घाला, म्हणजे कुणी विसरलं तरी कार्ड आपोआप मरतं. आणि हरवलेलं कार्ड रात्री तीन वाजता गार्डला बंद करता आलं पाहिजे. बंद करण्याचा अधिकार त्याला द्या, चालू करण्याचा नको.

दर आठवड्याला मी पंधरा मिनिटं रिपोर्ट बघते. सगळा नाही. ओव्हरराइडने कपाट उघडलं का, परवानग्यांमध्ये कोणी बदल केला, आणि कुठल्या चाव्या वारंवार उशिरा येतात. तीच चावी रोज उशिरा येत असेल तर बहुधा माणूस आळशी नसतो, मुदत चुकीची असते. सहा महिने न निघालेली चावी दिसली की विचारते, हे कुलूप अजून लागतं का, की कुणाकडे तिची दुसरी चावी आहे?

प्रत्यक्ष मोजणीसाठी आम्ही खंडेनवमी धरली आहे. त्या दिवशी पूजेसाठी सगळी हत्यारं धुऊन पुसून बाहेर मांडलेली असतात, एरवी ट्रॉलीखाली आणि मशीनमागे दडलेलीही. पूजा झाली की हळदकुंकू वाळायच्या आत यादी घेऊन बसायचं. टॅग वाचायचा, वस्तू हातात घ्यायची, नंबर जुळवायचा. चाव्यांचंही तेच, पण चावी तिच्या कुलपात घालून फिरवून बघायची. खुंटीला भलतीच चावी अडकवलेली असेल तर ती इथेच पकडली जाते.

आणि चावी खरोखर हरवली, तर चर्चा करत बसू नका. कुठल्या चावीसाठी किती वेळात कुलूप बदलायचं हे आधीच ठरवून यादीत लिहिलेलं हवं: भंगार यार्ड आणि टूल क्रिब त्याच शिफ्टमध्ये, गोडाऊन चोवीस तासांत, कॅन्टीन आठवड्यात. बदली सिलिंडर स्टोअर्समध्ये तयार ठेवा. कुलूप बदललं की जुनी खुंटी सॉफ्टवेअरमधून रद्द करा, नव्या खुंटीला नवा नंबर द्या आणि जुना नंबर पुन्हा कधी वापरू नका. नाहीतर पुढच्या वर्षी नोंद काढताना दोन वेगळ्या चाव्यांचा इतिहास एकाच नंबराखाली येईल. हरवलेली चावी नंतर कुणाच्या पँटच्या खिशात सापडली तरी ती कपाटात परत लावायची नाही. कापून भंगारात टाकायची, आणि रजिस्टरात टाकणाऱ्याचं नाव लिहायचं.